दोन इंची ठोकळा

मेस्त्री रागवायचे ते फक्त इंग्रजीत. एरवी कानडी, नाहीतर त्यांची ती बंगलोरी मराठी. पण आवाज चढला की 'ब्लडी बफेलो'पासून सुरुवात. लढाईच्या दिवसांत एका गोऱ्या फोरमनच्या हाताखाली त्यांनी काम केलं होतं आणि त्या फोरमनकडून उचललेली इंग्रजी जवळजवळ तेवढ्यावरच संपत होती. मी एकदा विचारलं, "मेस्त्री, आम्हाला मराठीत का नाही रागवत?"

"आपल्या भाषेत शिवी दिली की ती माणसाबरोबर घरी जाते, तम्मा," ते म्हणाले. "इंग्रजीतली फाटकाशीच गळून पडते."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्यांच्याकडे शिकणाऱ्या आम्हा अठरा जणांत ही हाक एकट्या मला होती. मी बेळगावकडचा, घरची भाषा मराठी. त्यांचं घराणं तीनशे वर्षांमागे फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठी टिकली, पण 'थोडं' म्हणायला 'स्वल्प' आणि 'बरं' म्हणायला 'सरी' हे शब्द तिच्यात कधीचे येऊन बसले होते. वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. माझ्याशी बोलताना ते हातातलं काम थांबवून बोलत. या गोष्टीचा मला त्या वेळी अभिमान वाटायचा.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. सरकार जिल्ह्याजिल्ह्यात पॉलिटेक्निक काढत होतं आणि शिकवायला आमच्यासारखी ताज्या पदवीची मंडळी भरत होतं. आम्हाला समीकरणं पाठ होती. यंत्रांच्या आकृत्या आम्ही डोळे मिटून काढल्या असत्या. पण हातात कानस दिली तर ती ढकलताना दाब द्यायचा की ओढताना, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. मी तर बंगलोरच्या त्या पॉलिटेक्निकात दोन वर्षं लेक्चरर होतो आणि त्याच आवारातल्या वर्कशॉपची पायरी एकदाही चढलो नव्हतो. मुलं लोखंड कापायला खाली जायची, मी वर वर्गात लोखंडाचे गुणधर्म सांगायचो.

सरकारात वर कुणाच्या तरी लक्षात आलं की आधी या शिक्षकांनाच शिकवायला हवं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवड्यांचा वर्ग निघाला. ठिकठिकाणचे अठरा लेक्चरर आले. शिकवायला मेस्त्री. ते मॅट्रिकही नव्हते. प्रिन्सिपॉलसाहेबांनी आपल्या जबाबदारीवर त्यांना नेमलं होतं. शेवटच्या आठवड्यात एक समिती येऊन पाहणार होती, आणि तिला पटलं तर वर्ग दरवर्षी भरणार होता, त्यावर मेस्त्रींची कायमची नेमणूक होणार होती.

पहिल्या दिवशी आम्ही बूट घालून, टाय बांधून गेलो. मेस्त्री दारात अनवाणी उभे होते. ठेंगणे, काळेसावळे, खाकी अर्धी चड्डी, कपाळावर गंधाचा ठिपका. वर्कशॉपमध्ये ते कायम अनवाणीच फिरत. जमिनीवर लोखंडाचे कण आणि धारदार चकत्या पडलेल्या असायच्या, तिथे अनवाणी फिरणं म्हणजे वेडेपणा होता. पण त्यांचं म्हणणं असं की झाडू नीट मारला की नाही हे पायालाच कळतं. "मला टोचलं तर तुम्हाला टोचलं असतं," ते म्हणत. आमच्यातला एक जण नियमांचं पुस्तक घेऊन त्यांना बुटांवरचा परिच्छेद दाखवायला गेला. त्यांनी ते पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि परत दिलं.

मग प्रत्येकाला त्यांनी एक ओबडधोबड लोखंडी तुकडा दिला आणि एक कानस. काम एकच. त्या तुकड्याचा दोन इंची ठोकळा करायचा. सहाही बाजू सपाट, सगळे कोन काटकोन. त्यावर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, टेकवून उजेडाकडे धरायचा. फटीतून केसाएवढाही प्रकाश दिसता कामा नये. यंत्र वापरायचं नाही. जोवर ठोकळा होत नाही तोवर फळ्याला हात लावायचा नाही.

"फळा पुसता येतो," ते म्हणाले, "लोखंड पुसता येत नाही. आधी न पुसता येणारं शिका."

ऐकायला सोपं वाटतं. पण एक बाजू सपाट करायला जावं तर ती मधे फुगायची. फुगवटा काढावा तर कोपरा उतरायचा. कोपऱ्यासाठी बाकीचं उतरवावं तर ठोकळा दोन इंचांखाली जायचा आणि नवा तुकडा मागायला लागायचा. तळहातांना फोड आले. संध्याकाळी हॉटेलात कॉफीचा पेला धरवत नव्हता.

त्यांची दुसरी एक खोड याहून विचित्र. प्रत्येकानं एक धडा कँटीनच्या भट्टाला शिकवायचा. हा भट्ट उडुपीकडचा, दिवसभर दोसे घालणारा, यंत्राचा आणि त्याचा संबंध नाही. मेस्त्री आम्हाला एकेक करून त्याच्या तव्यासमोर उभं करत. हातात व्हर्नियर, हे बारीक मापाचं साधन. ते कसं वाचायचं हे त्याला कानडीत समजावायचं. तो दोसा उलटता उलटता ऐके आणि शेवटी मेस्त्रींकडे बघून निकाल देई. माझा धडा दहा मिनिटं चालला. मी मोठ्या पट्टीचा लहान पट्टीशी असलेला संबंध सूत्रात सांगितला. भट्टानं कपाळाचा घाम पुसला आणि अगदी नम्रपणे म्हटलं, "अर्थ आगलिल्ला, सार." समजलं नाही, सर.

बाकीचे हसले. मेस्त्री हसले नाहीत. मला म्हणाले, "तो नापास नाही झाला, तम्मा. तू झालास. उद्या परत ये."

तिसऱ्या खेपेला त्याला समजलं. त्यानं आपल्या दोशाची जाडी मोजून दाखवली आणि मला कॉफी दिली. शिकवणं म्हणजे काय हे मला त्या तव्यासमोर पहिल्यांदा कळलं, हे मी पुढे कुठल्याही भाषणात सांगितलेलं नाही.

चौथ्या आठवड्यात त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. बसवनगुडीत, नंदीच्या देवळामागच्या बोळात दोन खोल्यांचं घर. दारातून आत शिरताना पायाला काहीतरी लागलं. दार वाऱ्यानं लागू नये म्हणून ठेवलेला लोखंडी ठोकळा होता. एका बाजूला उतरलेला. शेजारच्या दाराला तसाच एक, त्यापुढच्या दाराला आणखी एक. आमच्या वर्गात बिघडले म्हणून फेकलेले ठोकळे मेस्त्री पिशवीत घालून घरी आणत आणि बोळात वाटत.

त्यांच्या पत्नीला सगळा बोळ अक्का म्हणायचा, मीही म्हणू लागलो. चित्रान्न वाढता वाढता त्या सांगत होत्या, "आमच्या दाराला म्हैसूरचा लेक्चरर आहे. समोरच्यांकडे हासनचा. लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलाय तो मंड्याचा, तो स्वल्प हलका झालाय. तुझा कधी येणार?"

"याचा यायचा नाही," मेस्त्री म्हणाले. "याचा ठोकळा समितीच्या टेबलावर जाणार. मी साहेबांना सांगून ठेवलंय."

मी मान खाली घालून जेवत राहिलो. तोवर माझे चार ठोकळे फुकट गेले होते. पाचवा व्हाइसच्या लोखंडी पकडीत होता आणि त्याचाही कोपरा उतरला होता. त्यांनी ते पाहिलं होतं. तरी त्यांनी साहेबांना सांगून ठेवलं होतं.

पाचव्या आठवड्याच्या शेवटापर्यंत नऊ जणांचे ठोकळे झाले. ज्यांना मी मनातून मठ्ठ समजत होतो अशांचेही झाले. ठोकळा पास झाला की मेस्त्री खिशातल्या कागदाच्या पुडीतून गुळाचा खडा काढून हातावर ठेवत. मी विद्यापीठात पहिला आलेला. रोज दुपारी मला कुणाच्या तरी तोंडातला गूळ चघळण्याचा आवाज ऐकू यायचा. हे कारण म्हणून सांगत नाही. ज्यांचे ठोकळे झाले नव्हते असे आणखी आठजण होते, त्यांनी मी केलं ते केलं नाही.

वर्कशॉपच्या शेजारच्या खोलीत सरफेस ग्राइंडर होता. लोखंडाची बाजू घासून आरशासारखी सपाट करणारं यंत्र. त्याला चुंबकाचा पाट असतो, त्यावर तुकडा ठेवला की तो घट्ट धरला जातो आणि वरून दगडाचं चाक फिरतं. एका दुपारी मेस्त्री बाहेर झाडाखाली डबा खात होते. बाकीचे भट्टाकडे गेले होते. मी नवा तुकडा घेतला, कानशीनं जेमतेम आकारात आणला आणि त्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. पाऊण तासात ठोकळा तयार झाला. यंत्राच्या एकसारख्या रेघा लपाव्यात म्हणून वरून बारीक कानस आडवीतिडवी फिरवली.

तीन वाजता मी तो मेस्त्रींपुढे ठेवला.

त्यांनी गुण्या टेकवला, खिडकीकडे तोंड केलं आणि एका डोळ्यानं पाहिलं. बाजू बदलली, पुन्हा पाहिलं. मग गुण्या खाली ठेवला, डोळे मिटले आणि प्रत्येक बाजूवरून अंगठा फिरवला, जसा आई तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवते.

"सरी," ते म्हणाले. गुळाचा खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. नेहमीपेक्षा मोठा होता. मी तो खाल्ला.

समिती आली त्या दिवशी मेस्त्रींनी पायात चपला घातल्या होत्या. धुतलेलं धोतर, जुना काळा कोट. टेबलावर पांढरं कापड अंथरून दहा ठोकळे मांडले होते आणि माझा सगळ्यांच्या पुढे. आम्ही अठराजण आपापल्या व्हाइसपाशी उभे होतो. माझी जागा टेबलाला लागूनच होती.

समितीत तिघे होते. दोघे बघून पुढे गेले. तिसरे मद्रासहून आलेले एक प्राध्यापक, विलायतेत शिकलेले, कामात मुरलेले. त्यांनी माझा ठोकळा उचलला, खिशातून भिंग काढून पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, "हे हातकाम आहे?"

"हातकाम, सर," मेस्त्री म्हणाले. "सहा आठवडे, सर."

प्राध्यापकांनी ठोकळा माझ्या व्हाइसखाली सांडलेल्या लोखंडाच्या किसात टेकवला आणि वर उचलला. ठोकळ्याच्या खालच्या बाजूला कीस चिकटून आला, दाढीसारखा लोंबत. चुंबकाच्या पाटावर ठेवलेल्या लोखंडात थोडं चुंबकत्व राहून जातं. मी हे वर्गात दरवर्षी शिकवत होतो.

"तुमच्या शिक्षकांच्या हातात चुंबक आहे वाटतं," प्राध्यापक म्हणाले. बाकीचे दोघे हसले. "कुणी केलाय हा?"

मेस्त्रींनी ठोकळा त्यांच्या हातातून घेतला. फुंकर मारली. कीस उडाला नाही. त्यांनी तो बोटानं पुसला, पुन्हा पाहिला. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्यांनी वर बघितलं असतं तर माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. त्यांनी वर बघितलंच नाही. ठोकळ्याकडेच बघत ते म्हणाले, "मी केला, सर. ग्राइंडरवर. दाखवायला."

"मग हातकाम कसं म्हणालात?"

"चूक झाली, सर."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. प्राध्यापकांनी उरलेल्या नऊ ठोकळ्यांना हातही लावला नाही. ते नऊही खरे होते. ज्यांनी ते केले होते ते नऊजण एकमेकांकडे बघत होते. तो ठोकळा कुणाचा होता हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्यातलंही कुणी बोललं नाही. पण त्यांचं मौन माझ्याएवढं महाग नव्हतं. मी एक पाऊल पुढे टाकून तीन शब्द बोललो असतो तर पुरे होतं. 'तो माझा आहे.' मराठीत, इंग्रजीत, कानडीत, कशातही. माझ्या तोंडून एकाही भाषेत ते आले नाहीत.

समिती गेल्यावर मेस्त्रींनी चपला काढल्या, कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "चला, ज्यांचं राहिलंय त्यांनी कानस उचला." त्या संध्याकाळी त्यांनी कुणाला इंग्रजीत एक शब्दही सुनावला नाही. मी निघताना दारात घुटमळलो. ते उकिडवे बसून जमीन झाडत होते. "उद्या लवकर ये," एवढंच म्हणाले, रोज म्हणायचे तसं.

अहवाल आला. वर्ग चांगला, दरवर्षी भरवावा. मात्र शिकवणारा पदवीधर असावा आणि सध्याच्या शिक्षकानं दाखवलेल्या नमुन्यांवर विसंबता येत नाही, असं त्यात होतं. मेस्त्रींना वर्कशॉपमधून काढून हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. साहेबांनी मला बोलावलं.

"पुढच्या वर्षीचा वर्ग तुम्ही घ्या. तुम्ही पहिल्या तुकडीतले, पदवी आहे."

"सर, मेस्त्रींना..." मी सुरुवात केली.

"माणूस चांगला आहे हो," साहेब थकल्यासारखे म्हणाले. "मीच त्यांच्यासाठी भांडलो होतो. पण तुम्ही तिथेच होतात. पाहिलंत ना?"

"हो सर," मी म्हणालो.

चार उन्हाळे मी तो वर्ग घेतला. रोज सकाळी स्टोअरच्या खिडकीपाशी जाऊन हत्यारं घ्यावी लागत. जाळीपलीकडे मेस्त्री बसलेले असत. आता पायात चपला असायच्या. स्टोअरमध्ये टोचण्यासारखं काही नव्हतं. माझ्या वर्गासाठी ते कानशी निवडून ठेवत. बोथटलेल्या बाजूला काढत, चांगल्या तेवढ्या पुसून, कापडात गुंडाळून देत. "अठरा आहेत. मोजून घे, तम्मा." मी मोजून घ्यायचो, वहीत सही करायचो आणि त्यांच्याकडे न बघता निघायचो. बसवनगुडीला मी पुन्हा गेलो नाही. एकदा बाजारात अक्का लांबून दिसल्या तर मी गल्ली बदलली.

आणि वर्गात मी त्यांचंच सगळं करत होतो. तोच दोन इंची ठोकळा, तोच भट्ट, तेच फळा आणि लोखंडाचं वाक्य. ठोकळा मात्र मी सरावानं करायला शिकलो होतो. मी घेतलेल्या पहिल्या वर्गाआधी, रोज एकट्यानं बसून, अकराव्या तुकड्याला तो जमला. दाखवायला कुणी नव्हतं.

चौथ्या उन्हाळ्यात मेस्त्रींच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता. एका सकाळी हत्यारं देताना ते म्हणाले, "आज स्वल्प वेळ तुझ्या वर्गात बसू का? मागे बसेन."

नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

त्या वर्षी चौदाजण होते. मेस्त्री मागच्या भिंतीशी एका लाकडी खोक्यावर बसले. चपला दाराबाहेर काढून आले होते. मी कानस धरायची कशी, पाय कुठे ठेवायचा, दाब कधी सोडायचा ते दाखवलं. मग फळ्यापाशी जाऊन म्हणालो, "फळा पुसता येतो, लोखंड पुसता येत नाही." काहीजणांनी ते वहीत उतरवून घेतलं. पुढच्या बाकावरच्या एका तरुण लेक्चररनं हात वर केला. "सर, हे असं शिकवणं तुम्ही कुठे शिकलात?"

मी मागे बघितलं नाही. "अनुभवानं," म्हणालो.

चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले, चहा पिऊन परत आत येऊन बसले. मेस्त्री पायरीवर उभे राहून चपला घालत होते. मी त्यांच्या मागोमाग गेलो.

"छान शिकवतोस," ते म्हणाले. "डावा पाय मात्र थोडा पुढे घ्यायला सांग त्यांना. नाहीतर कंबर जाईल."

"मेस्त्री," मी म्हणालो, "त्या दिवशी तो ठोकळा..."

"हं."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. "कीस लागला तेव्हा. अंगठ्याला आधीच कळायला हवं होतं. पण मला तो तुझ्या हातचा असायला हवा होता ना, म्हणून अंगठा गप्प बसला."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. स्वल्प वेळ थांबलो. मग ते गृहस्थ वाट बघत होते, कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं."

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेलो. त्यांनी मला दंडाला धरून सरळ उभं केलं. रागावले नव्हते. इंग्रजीत तर नाहीच.

"मला सांगून काय उपयोग, तम्मा? मला माहीतच आहे," ते म्हणाले आणि दाराकडे बोट केलं. "आत चौदाजण बसलेत. त्यांनी विचारलं होतं ना, कुठे शिकलात म्हणून. जा, सांग त्यांना. मी उभा आहे इथे."

मी आत गेलो. चौदाहीजण उठून उभे राहिले. मी त्यांना बसायला सांगितलं. दाराच्या चौकटीतून मेस्त्रींचा खांदा आणि कानाची पाळी दिसत होती. ऐकू यावं म्हणून त्यांनी मान आत कलती केली होती. मी खडू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"हं," मी म्हणालो, "कुठवर आलो होतो आपण?"